रुपेरी माणूस, हिरवी बाई

दुर्गजवळच्या स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरमध्ये नळाचा पाइप हिरवा होता. साधा हिरवा नव्हे, सी ग्रीन. त्यावर काळ्या रंगाचा एक बाण, पाणी कोणत्या बाजूला जातं ते दाखवणारा. जसं काही आम्हाला ते कळत नव्हतं! आई डाळीला फोडणी देत होती, तेवढ्यात शेजारचे काकाजी डबा आणि ब्रश घेऊन आले, "वयनी, दोन मिनिट" म्हणाले आणि पाइप रंगवून चालते झाले. रंगाच्या वासानं आईला त्या दिवशी डाळ गोड लागली नाही, आणि पुढं वीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हा किस्सा ऐकवत राहिली.

काकाजी प्लांटमध्ये पेंटर होते. माझे बाबाही प्लांटमध्येच, पण ते मशीनवर. काकाजींचं काम पाइपांचं. प्लांटमध्ये मैलोन्‌मैल पाइप पसरलेले असतात, आणि आत काय वाहतंय ते बाहेरून दिसत नाही, म्हणून ते रंगानं सांगावं लागतं. पाणी सी ग्रीन, हवा आकाशी, गॅस पिवळा, ॲसिड जांभळं, असे आठ-दहा रंग. बाकीचे पेंटर कामावरून सुटले की हात धुऊन ते सगळं विसरायचे. काकाजी विसरायचे नाहीत. त्यांच्यासाठी अख्खी दुनियाच त्या यादीप्रमाणं रंगवायला हवी होती आणि ती तशी रंगवलेली नाही, याचा त्यांना मनापासून त्रास व्हायचा.

मार्केटमध्ये बर्फाचा गोळा खायला आम्ही पोरं निघालो की ते हमखास मागून यायचे. काला खट्टा त्यांनी आम्हाला कधी खाऊ दिला नाही. गोळेवाल्याला म्हणायचे, "भाऊ, हा जांभया रंग ॲसिडचा हाय. पोट्ट्याइले देऊन राहिला तू?" तो बिचारा छत्तीसगढी माणूस, हसून म्हणायचा, "शरबत हे गा." काकाजी मान हलवायचे आणि आमच्यासाठी खसचा गोळा मागायचे. खस हिरवं, म्हणून चालायचं. मी मोठी होऊन नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा काला खट्टा खाल्ला, तेव्हाही आजूबाजूला बघून घेतलं.

बोलणं म्हणाल तर अगदीच बेतास बात. घरी गेलं की एक बोट वर करायचे, म्हणजे बस. दोन बोटं, म्हणजे चहा घे. आई रागात असली की मला दारातच अडवायचे, "तुही माय आज पिवयी हाय. आगपेटी घेऊन जाऊ नको." एवढं लांब वाक्य म्हणजे काकाजींसाठी भाषणच. बाबा म्हणायचे, "याच्या तोंडाले व्हॉल्व हाय, अन् तो गंजला हाय."

हे सगळं मी हसत सांगतेय खरी, पण मला मुळात सांगायचंय ते वेगळंच. काकाजींची बायको त्यांना सोडून नागपूरला राहायला गेली होती. ती परत येणार होती. माझ्यामुळं आली नाही. हे मी आजवर कोणाला सरळ शब्दांत सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

काकू म्हणजे काकाजींच्या अगदी उलट. बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत, हसायला लागल्या की दोन क्वार्टरपलीकडं ऐकू जायचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी पाचवीत होते तेव्हा त्या नागपूरला गेल्या, आपल्या आजारी आईला बघायला. त्यांची आई वर्षभरानं वारली, पण काकू भावाच्याच घरी राहिल्या. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही, काही नाही. मी एकदा आईला विचारलं, "काकू कावून येत नाही वं?" आई भाजी निवडत होती. म्हणाली, "तिले त्याचा एक शब्द पायजे. 'ये' म्हणावं त्यानं. तोंडानं म्हणावं नाई तं कागदावर लिहावं. तिनं तसं सांगूनच ठेवलं हाय. अन् हा माणूस काय करते माहीत हाय? पोस्टकार्डावर रंगाची पट्टी मारते अन् पाठवते!"

खरंच पाठवायचे. पत्ता सुबक अक्षरात, आणि मागं मजकुराच्या जागी नुसती पट्टी. कधी आकाशी, कधी हिरवी. मी स्वतः दोन-तीन वेळा पेटीत टाकून आलेय. पोस्टमनला वाटायचं, पेंटच्या दुकानाची जाहिरात आहे.

अशी बारा वर्षं गेली. काकाजी रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं. बाबांनी जुनवानीला छोटंसं घर बांधलं होतं, त्याच्या दोन गल्ल्या पलीकडं काकाजींनी गच्चीवरची एक खोली भाड्यानं घेतली. मी तेव्हा चित्रकलेत एम.ए. करत होते, शेवटचं वर्ष. त्या वयात माणसाला जेवढी मस्ती असायला पाहिजे त्याच्या दुप्पट होती मला. कोणी साधं कॅलेंडर दाखवलं तरी मी त्यातली प्रतीकं समजावून द्यायची. बाबा वैतागून म्हणायचे, "बाई, तारीख पाहू दे मले!"

मी सुट्टीत घरी आले होते तेव्हा काकाजींनी बोलावलं. खोलीत भिंतीला एक लोखंडी पत्रा टेकवलेला होता, हातभर रुंद, दोन हात उंच. काकाजींनी आयुष्यात अक्षरं आणि पट्ट्या सोडून काही रंगवलेलं मी पाहिलं नव्हतं. पत्र्यावर चित्र होतं. एक माणूस आणि एक बाई समोरासमोर उभे, अगदी जवळ, दोघांचे हात अर्धे पुढं आलेले. मागं सगळं आकाशी. नाक-डोळे काही नाहीत. बाई डोक्यापासून पायापर्यंत हिरवी, तोच आमच्या नळाचा हिरवा. माणूस केसांपासून चपलेपर्यंत रुपेरी. आणि त्या माणसाच्या छातीवर एक लहानसा काळा बाण.

"छान हाय, काकाजी," मी म्हणाले. म्हणजे बोर्ड रंगवणाऱ्या माणसाच्या मानानं छान, असं मला म्हणायचं होतं.

"नागपूरले नेऊन दे," ते म्हणाले. "तुही काकू."

"काय सांगू त्याहिले?"

"काई नाई सांगाचं. तिले वाचता येते." मग मी दारापर्यंत गेल्यावर मागून परत म्हणाले, "बोलजो नको. नुसतं दाखव."

एका भेटीत इतकं बोलले म्हणजे गोष्ट किती मोठी होती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी जुन्या चादरीत पत्रा गुंडाळला आणि दुर्गहून सकाळची गाडी पकडली. डब्यात सगळे विचारत होते, "मॅडम, दुकान का बोर्ड है क्या?" मी प्रत्येकाला सांगत होते, पेंटिंग है. गोंदिया येईपर्यंत मी मनातल्या मनात त्या चित्रावर पूर्ण निबंध लिहून काढला होता. चादर सोडून पुन्हा पाहिलंसुद्धा नव्हतं. पुस्तकात रंगांची प्रकरणं वाचली होती, ती एकेक करून लावत गेले आणि सगळं कसं फिट्ट बसत गेलं.

काकूंच्या भावाचं घर एका अरुंद गल्लीत. काकूंचे केस पांढरे झाले होते. मला ओळखून त्या इतक्या खूश झाल्या की मी आधी दहा मिनिटं आईची, बाबांची, सेक्टर सहाच्या सगळ्या बायांची खबर देत बसले. मग चादर सोडली आणि पत्रा पलंगाला टेकवून उभा केला.

काकू एकदम गप्प झाल्या. पदराला हात पुसले, खाली बसल्या आणि पाहत राहिल्या.  मग त्यांनी हात पुढं केला, त्या रुपेरी माणसाच्या छातीपर्यंत नेला, आणि चटकन मागं घेतला. मी तो हात पाहिला. मला वाटलं, दुखावल्या. झालं! मला कुठून अवदसा आठवली कोण जाणे, पण ती शांतता मला सोसवेना, आणि शिवाय गाडीतला तयार निबंध घशात अडकला होता.

"काकू, समजावून सांगू?" म्हणाले आणि उत्तराची वाट न पाहता सुरूच केलं, ते पण एकदम पुस्तकी मराठीत. हा करडा रंग राखेचा आहे. माणसानं स्वतःला राख झालेलं दाखवलंय, म्हणजे त्याच्या भावना आता विझल्या आहेत. तुमचा हिरवा हा खोल पाण्याचा, म्हणजे अंतराचा, न गाठता येणाऱ्या गोष्टीचा. चेहरे नाहीत, कारण आठवण पुसत चालली आहे. छातीवरचा बाण म्हणजे जुनी जखम. हात पुढं आलेत पण टेकलेले नाहीत, तेही मुद्दामच. "वरवर भेटीचं चित्र वाटतं, पण काकू, हे निरोपाचं चित्र आहे. मीलन दाखवून विरह सांगितलाय."

हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. गोंदियाच्या जरा अलीकडं सुचलं होतं ते.

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. "असं सांगतलं त्यायनं?"

आता इथं मी काय म्हणायला हवं होतं? नाही काकू, त्यांनी तर मला बोलूच नको म्हटलंय. एवढंच. पण मग माझा निबंध माझ्या एकटीचा झाला असता, त्याला वजन राहिलं नसतं. मी म्हणाले, "हो. म्हणजे, चित्रच सांगते ना."

"बरं," काकू म्हणाल्या. उठल्या, पत्र्यावर चादर टाकली आणि आत जाऊन चहा करून आणला. चहाबरोबर चिवडा दिला. स्टेशनपर्यंत सोडायला येते म्हणाल्या, मग म्हणाल्या, नको, गुडघा दुखतो.

मी परत आले तेव्हा काकाजी गच्चीवर उभेच होते. माझ्यामागं रस्त्याकडं पाहत होते, मी एकटीच आहे का ते. मी त्यांना सगळं रंगवून सांगितलं. काकूंना चित्र किती भावलं, आणि मी ते कसं उलगडून दाखवलं. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "राख?"

"हो ना. करडा म्हणजे राखच."

ते कठड्याला हात टेकून उभे राहिले. मला वाटलं आता काही बोलतील, मला झापतील. ते म्हणाले, "आपल्या जयंतीचा बोर्ड आठवते तुले?"

आठवत होता. काकाजींनी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमाचा बाण काढलेला बोर्ड चौकात लावला होता. बाण थोडा तिरपा झाला आणि निम्मे पाहुणे दुसऱ्या मैदानावर गेले. तिथं कोणाचं तरी लग्न होतं. पाहुणे लग्नात जेवून, पान खाऊन मग विहारात आले. सेक्टरभर लोक महिनाभर हसत होते. काकाजी एकटे हसले नव्हते.

"बोर्ड चुकीचा वाचला गेला तं वाचणाऱ्याची चूक नसते, पोरी," ते म्हणाले. "पेंटरची असते. परत काढतो मी."

आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. वाटलं, म्हाताऱ्याला आपलं समीक्षण पटलं. लाज वाटते आता, पण तेव्हा हेच वाटलं.

पुढं मला जुनवानीच्याच एका शाळेत चित्रकलेची शिक्षिका म्हणून नोकरी लागली. त्या पत्र्याचा, चादरीत गुंडाळण्याआधी काढलेला फोटो माझ्या मोबाइलवर होता. दरवर्षी नवव्या वर्गाला प्रतीकं शिकवताना मी तो दाखवायची आणि तोच निबंध म्हणायची. मुलं वहीत उतरवून घ्यायची. तीन वर्षं.

एक दिवस बाबा माझ्या मोबाइलवर घरचे फोटो बघत होते. बोट सरकता सरकता तो फोटो आला. बाबांनी चष्मा वर केला.

"हे आपल्या पेंटरनं काढलं ना? भारी काढलं यार." मग माझ्याकडं न बघताच, पेपरातला मथळा वाचावा तसं वाचत गेले. "बाई पाणी हाय. मागं हवा. अन् हा सिल्वर, म्हणजे स्टीम. बाहेरून थंडा दिसते पण हात लावाल तं सालटं निघन. अन् बाण कोनीकडं हाय? बाईकडं. म्हणजे सगळं तिच्याकडं चाललं हाय." हसले. "बदमाश! स्टीम थंडी झाली का पाणीच होते ना. एकच झाले दोघं."

मी मोबाइल त्यांच्या हातातून घेतला. अहो, त्या यादीतच तर वाढले होते मी! हिरव्या नळाचं पाणी पिऊन मोठी झालेली पोर, सिल्वर म्हणजे वाफ हे मला चौथीत माहीत होतं. शेजारच्या बाईला, जिच्या स्वतःच्या न्हाणीघरात सिल्वर पट्टी मारलेला गीझर होता, तिला मी सांगून आले की ही राख आहे. आणि वर ते त्यांनीच सांगितलं, असंही म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी मी नागपूरला जायला पाहिजे होतं. तिकीट काय, चार तासांची तर गाडी. पण परीक्षा होत्या. मग लग्नसराईचे दिवस आले, मग गुडघ्याचं निमित्त करून आईनं मला अडकवलं. खोटं कशाला बोलू, निमित्तं मीच शोधत होते. काकूंपुढं उभं राहून "मला वाचता आलं नाही" म्हणायचं, तेही एम.ए. झाल्यावर, हे माझ्याच्यानं होत नव्हतं. आपली इज्जत मोठी झाली होती ना. नवव्या वर्गाला ते चित्र दाखवणं तेवढं बंद केलं.

आणि तिकडं काकाजी नवं चित्र काढायला बसले होते. बसलेच होते, कारण त्यांना हिरवा जमत नव्हता. जुना डबा संपला होता, कंपनीनं रंग बदलला होता, दुर्ग, रायपूर सगळीकडून डबे आणून ते भिंतीवर पट्ट्या मारून बघायचे. मी जायची तेव्हा विचारायचे, "हे पाणी दिसते का?" मी म्हणायची, दिसते. ते म्हणायचे, "नाई. शेवाय दिसते." मला माहीत होतं की चूक त्या हिरव्यात नव्हतीच, पहिल्या चित्रात कुठंच नव्हती. चूक माझ्या तोंडात होती. हे मी त्यांना सांगू शकले असते. दोन वर्षं त्या खोलीत जात होते मी, त्यांच्या हातचा चहा पीत होते. नाही सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात काकाजी गेले. सकाळी दूधवाल्यानं हाक मारली तर उठले नाहीत.

पुण्यानुमोदनाला काकू आल्या. पांढरी साडी, भाऊ सोबत. विहारातलं सगळं आटोपल्यावर म्हणाल्या, "त्यायची खोली दाखव मले." भावाला खाली बसवून मी त्यांना गच्चीवर घेऊन गेले. चारही भिंती पट्ट्यांनी भरलेल्या होत्या, हिरवा, हिरवा, आणखी थोडा निळसर हिरवा. कोपऱ्यात नवा पत्रा, त्यावर नुसता सिल्वर माणूस उभा. समोरची जागा रिकामी.

काकू मधोमध उभ्या राहून गोल फिरल्या. "हे काय करून राहिले होते ते?"

मग मी सगळं सांगितलं. रडत सांगितलं, क्रम सोडून सांगितलं. की ते बोलू नको म्हणाले होते. की ते सगळं माझंच होतं, गाडीत रचलेलं. की त्यांनी राख काढली नव्हती, "काकू, सिल्वर म्हणजे—"

"स्टीम," काकू म्हणाल्या.

"तुमाले माहीत होतं?"

"मले शिकवते का वं? त्या माणसाच्या घरात संसार केला मी. पत्रा पाहिल्याबरोबर समजली होती. हात लावाले गेली तं भाजल्यासारखं झालं मले, इतकं गरम होतं ते. तुले चहा देऊन दोन लुगडे पिशवीत भरणार होती. तुह्याच गाडीनं येणार होती मी."

"मग कावून नाही आल्या, काकू?"

काकूंनी भिंतीवरच्या एका पट्टीवर हात ठेवला, खालच्या कोपऱ्यातल्या, सगळ्यात शेवटच्या.

"चित्र तं ते मले नेहमीच पाठवत होते, बाई. मी इचारलं तुले, असं सांगतलं का त्यायनं, अन् तू हो म्हणाली. मले वाटलं, तोंडानं बोलता येत नाई म्हणून शिकलेल्या पोरीले शब्द देऊन पाठवलं. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यायचे शब्द आले होते माह्याकडं. ते मी खोटे कशी म्हणू?"